मनातली फटफटी



खताची मात्रा, कपाशीची बोंडअळी, ठिबकचे अनुदान यांवर बोलणारा मी माणूस. आज मात्र फटफटीवर लिहायला बसलो आहे, आणि तेही जुन्या फटफटीवर. तुम्ही म्हणाल, निवृत्तीला दोन वर्षे राहिली आणि साहेबांना हे काय सुचले! पण जरा थांबा. तुमच्या गोठ्यामागे, कडब्याच्या गंजीआड किंवा जुन्या वाड्याच्या पडवीत अशी एखादी फटफटी गंजत पडलेली असण्याचा संभव आहे, आणि एखाद्या दिवशी तिचा भाव करायला तुमच्या दारी कोणी येण्याचाही आहे. तेव्हा हे लिखाण निव्वळ हौसेचे नाही.

हौस मात्र आहेच, ती नाकारत नाही. १९७९ साली मी तिसरीत होतो. संगमनेर तालुक्यातले आमचे गाव, मुरमाचा रस्ता. पावसाळ्यात चिखल झाला की एस.टी. फाट्यावरूनच मागे फिरे. पण शेती खात्याचा एक माणूस तसल्या चिखलातूनही राजदूतवर येई. मागच्या सीटला संकरित ज्वारीच्या बियाण्याची पिशवी बांधलेली. पारावर गाडी उभी करून, तिच्या पेट्रोलच्या टाकीवरच वही ठेवून तो शेतकऱ्यांची नावे लिहून घेई. आमचे वडील सहसा कोणाचे ऐकणारे नव्हते, पण त्याचे ऐकत. ते म्हणायचे, ‘जो चिखलात येतो तो खोटं सांगायला येत नाही.’ मी पुढे राहुरीला बी.एस्सी. ॲग्रीला गेलो त्यामागे त्या टाकीवरच्या वहीचा हात आहे, असे मला अजून वाटते. टाकी गरम असायची. आम्ही पोरे तिला हात लावून पाहत असू.

नोकरीत आल्यावर चार गाड्या झाल्या. सगळ्या कामाच्या, कोणतीही मनातली नव्हती. दोन वर्षांपूर्वी ठरवले की आता एक जुनी गाडी घ्यायची, पण पन्नास हजारांच्या वर एक रुपया घालायचा नाही. हा आकडा सौ.ने ठरवला आहे. डाळिंबाच्या दोन एकरांचे ठिबक जुने झाले आहे, ते आधी आणि फटफटी नंतर, असा घरचा ठराव आहे आणि तो मला मान्य आहे.

आता कोणती घ्यावी?

गावात कोणालाही विचारा, जुनी गाडी म्हटले की पहिले नाव बुलेटचे निघते. ही मूळची इंग्रजांची. १९५० च्या दशकात आपल्या लष्कराला गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, म्हणून साडेतीनशे सीसीच्या आठशे बुलेट मागवल्या गेल्या, आणि १९५५ मध्ये ती इथेच बांधण्यासाठी मद्रासला कंपनी उभी राहिली. पुढे १९७० च्या सुमारास इंग्लंडमधला मूळ धंदा बसला, पण मद्रासची गाडी निघतच राहिली आणि आजही निघते. लेक सासरी नांदली आणि माहेर उठले, तशातली गत. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. सुरू करायची तर अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, हँडलजवळची बारीक दांडी दाबून सिलिंडरमधला दाब सोडायचा आणि मग एकच ठोस लाथ. घाई केली तर किक उलटी येऊन नडगी फोडते.

याच कंपनीने १९९० च्या दशकात डिझेलची बुलेटही काढली होती. इंजिन ३२५ सीसीचे, साडेसहा अश्वशक्तीचे, आपल्या शेतावरच्या इंजिनाच्याच जातीचे. पळायला मंद आणि थरथराट असा की खिशातली नाणी वाजत, पण डिझेल पुरवून पुरवून खाई. प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी २००० च्या सुमारास तीही गेली. कोणाकडे असेल तर तिला कमी लेखू नका.

मला बुलेट का नको? एक तर ती अजून निघते आहे. जी वस्तू दुकानात मिळते तिचे स्वप्न काय पाहायचे? शिवाय बुलेटवर बसलेला माणूस रस्ता पाहत नाही, रस्ता आपल्याकडे पाहतो की नाही ते पाहतो. (बुलेटवाल्यांनी राग मानू नये. माझा सख्खा मेहुणा त्यात आहे.)

दुसरी जावा. हिचे माहेर त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियात. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीचे मोटरसायकलचे काम घेतले, आणि दोन्ही नावांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून ‘जावा’ झाले. आपल्याकडे ती म्हैसूरला १९६१ पासून बनू लागली. १९७० च्या दशकात तीच ‘येझदी’ झाली आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागले. अडीचशे सीसीचे इंजिन, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि एकच दांडा किकचाही आणि गिअरचाही. किक मारून झाली की तोच दांडा फिरवून गिअरसाठी वापरायचा. देखणेपणात तिच्या जवळपास कोणी नाही, हे मी राजदूतवाला असूनही सांगतो. लाल टाकी आणि तिच्या बगलांवरचे चकचकीत निकेल पाहिले की शहाणा माणूसही थबकतो. पण हीच तिची अडचण. जुलैच्या दुसऱ्या रविवारी शहरोशहरी जावा-येझदीवाले आपापल्या गाड्या पुसूनपासून एकत्र जमतात. इतके हौशी ज्या वस्तूच्या मागे, तिचा भाव आपल्या हाती राहत नाही. जावा म्हणजे लग्नातला शालू. नेसून मिरवावा, नेसून भाकरी थापू नये.

राहिली राजदूत. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची. ट्रॅक्टरवाली ती हीच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या कंपनीने पोलंडशी दोन सोयरिकी जोडल्या. उर्सुस कारखान्याच्या मदतीने ट्रॅक्टर आणि एसएचएल नावाच्या मोटरसायकलवरून राजदूत. म्हणजे तुमच्या बांधावर नांगरणारा आणि तुमच्या दारात फटफटणारी, दोघेही एका गावचे पाहुणे. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात एक ठेंगणी राजदूत धावली आणि शहरातल्या पोरांनी ती डोक्यावर घेतली. १९८० च्या दशकात साडेतीनशे सीसीची एक वाघासारखी राजदूतही आली. पण मी म्हणतो ती या दोन्हींपैकी नव्हे. मी म्हणतो ती साधी १७५ ची, काळी, दूधवाल्यांची.

तिचे इंजिन १७३ सीसीचे, टू-स्ट्रोक. म्हणजे त्यात व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडझाप करणारी यंत्रणा नाही. पिस्टन, त्याचा दांडा आणि क्रँक, एवढाच संसार. गिअर फक्त तीन. जे कमी असते ते कमी मोडते. पाने आणि पक्कड असली की सायकलच्या दुकानातला माणूससुद्धा तिचे डोके उतरवून काजळी खरवडून देई. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन लटकावून ती घाट चढे. खोड्याही होत्या. पेट्रोल पिई, धूर ओकी, आणि पेट्रोलच्या वीस-पंचवीस भागांना एक भाग तेल मोजून घालावे लागे. रात्री चढावर इंजिन मंदावले की दिवाही मंदावे, आणि नेमका तिथेच खड्डा असे. १९८५ मध्ये शंभर सीसीची फोर-स्ट्रोक हिरो होंडा आली, एका लिटरात कितीतरी पुढे जाऊ लागली, आणि हळूहळू राजदूत गोठ्यात गेली. दूधवाल्यांचे त्यात काही चुकले नाही. लिटरमागे पैसे मोजणाऱ्याने हौस करू नये.

तर अशी एक राजदूत गेल्या पावसाळ्यात माझ्यासमोर आली.

अकोले तालुक्यातल्या एका गावी भाताची रोपे पाहायला गेलो होतो. ओळखीच्या एका मावशींकडे चहाला थांबलो. मावशींचे यजमान दूध घालायचे. २०१७ मध्ये ते गेले. चहा देता देता मावशी म्हणाल्या, “साहेब, तुम्ही गाईचा भाव बरोबर सांगता. आमच्या गाडीचा सांगा. परवा एक जण शहरातून आला होता. चार हजार देतो म्हणाला. लोखंडाच्या भावापेक्षा जास्तच देतोय, असं म्हणाला.”

गोठ्यात गेलो. पोती बाजूला केली आणि मागे १९८२ ची राजदूत उभी. टायर जमिनीला चिकटलेले, सीट उंदरांनी खाल्लेली, पण टाकी, दोन्ही मडगार्ड, दिवा, साइलेन्सर, सारे मूळचे. कॅन लटकावायच्या आकड्यांनी मागच्या नळ्यांवर घासून पडलेल्या खुणासुद्धा जिथल्या तिथे.

वाचकहो, त्या वेळी खिशात पाच हजार होते. ते काढून मावशींच्या हातावर ठेवले असते तर मावशींना हजार जास्त मिळाले असते आणि मला माझी फटफटी. कोणी काही म्हटले नसते. पण ज्याला लोक भाव विचारतात त्याने त्याच मालाचे गिऱ्हाईक व्हायचे, तर मग ज्या दलालांबद्दल आपण इतके बोलतो ते वेगळे काय करतात? मी सांगितले, “मावशी, मला स्वतःलाच ही गाडी हवी आहे. म्हणून माझा भाव धरू नका. आणि त्या माणसालाही देऊ नका. तो लोखंड न्यायला आला असता तर दोन खेपा घालून गोड बोलला नसता.”

मावशी हसल्या. म्हणाल्या, “मग गाडी तरी नीट बघून सांगा.”

घोडेगावच्या बाजारात बैल घेताना आपण काय करतो? शिंगांना लावलेला रंग पाहत नाही. तोंड उघडून दात पाहतो. आदत आहे, चार दाती आहे की जुळला आहे. मग खांदा पाहतो, खूर पाहतो आणि चालवून पाहतो. फटफटीचेही तेच. रंग कोणीही मारून देतो. पहिल्यांदा चेसिसचा आणि इंजिनचा नंबर. गंज असेल तर रॉकेलचा बोळा फिरवा, खरवडू नका. खरवडलेला नंबर तपासणाऱ्या अधिकाऱ्याला संशयास्पद वाटतो. दोन्ही नंबर पुस्तकाशी अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत. इंजिन बदललेले असेल तर तशी नोंद पाहिजे.

मग प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडायचे आणि एक दिवस तसेच राहू द्यायचे. अडकलेल्या इंजिनाला जोराने किक मारणारा माणूस मेकॅनिक नव्हे. दुसऱ्या दिवशी प्लग बसवून किक हाताने दाबून पाहायची. हाताला अडवून धरत हळूहळू खाली गेली तर दाब शिल्लक आहे. भसकन खाली गेली तर सिलिंडर झिजले आहे, बोअर करावे लागणार. (बोअर म्हटले की आपल्याला दोनशे फूट आठवतात, हे त्यातले नव्हे, इथे केसभर माती निघाली तरी खूप.) सिलिंडर याआधी किती वेळा बोअर झाले हेही विचारा. दर वेळी पिस्टन मोठा घालावा लागतो आणि त्याला शेवट आहे.

टू-स्ट्रोकचा थोडा निळसर धूर स्वाभाविक आहे. पण गाडी तापल्यावरही पांढरा लोट थांबत नसेल आणि गिअरचे तेल वरचेवर कमी होत असेल, तर क्रँकचे सील गेले आहे आणि इंजिन गिअरचे तेल ओढून जाळते आहे असे समजा. सील स्वस्त असते, पण ते बदलायला सगळे इंजिन उघडावे लागते. टाकीत बॅटरी मारून पाहा. आतला गंज रॉकेल आणि मूठभर नट घालून हलवला की बराच सुटतो.

एक गोष्ट नव्या काळाची. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातला काही वाटा आपल्याच उसाच्या मळीतून येतो, म्हणून शेतकरी म्हणून मला त्याचा आनंद आहे. पण जुन्या गाडीच्या रबराला ते सोसत नाही. नळी फुगते, वॉशर मऊ पडतात. इथेनॉल हवेतला ओलावाही धरते. म्हणून नळ्या नव्या चांगल्या घाला, आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. मिसळलेले पेट्रोल जुने करून वापरू नका.

गाडी पाहून झाली. मग मावशींनी पत्र्याच्या पेटीतून पुस्तक काढले, प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याबरोबर ठेवलेले. तीन अक्षरी जुना नंबर, यजमानांचे नाव. आणि इथेच खरी गोम आहे, कारण हे कागद नुसते हातात दिले म्हणून गाडी कोणाची होत नाही.

मालक वारला की जमिनीला जशी वारस नोंद लागते तशी गाडीलाही लागते. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि परिवहन कार्यालयाचा ३१ क्रमांकाचा अर्ज. आधी गाडी वारसाच्या नावावर येते, मग ती विकता येते. हे न करता कोणी चार हजार देऊन गाडी नेली आणि उद्या तिच्यावरून काही घडले, तर पोलीस पुस्तकातल्या पत्त्यावर येतात. जुन्या हस्तलिखित नोंदी सगळ्याच संगणकावर चढलेल्या नाहीत, तेही आधी विचारून घ्यावे लागते. नोंदणीची मुदत कधीच संपलेली असते, तिची तपासणी होऊन फेरनोंदणी पाच वर्षांसाठी मिळते. त्यासाठी पर्यावरण कर, विमा, धुराचा दाखला आणि उशिराचा दंड धरून चला. जुन्या गाड्यांना धुराची मर्यादा त्यांच्या काळाप्रमाणे सैल आहे, त्याची फार धास्ती नको.

शहरातले काही लोक ‘विंटेज’ हा शब्द फार वापरतात. २०२१ पासून त्याला कायद्यात ठरलेला अर्थ आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडीच त्यात बसते. नवी नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी, आणि मग ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला किंवा दुरुस्तीलाच रस्त्यावर आणायची. रोज वापरायची नाही. मावशींच्या राजदूतला पन्नास भरायला २०३२ उजाडेल. आणि खरे सांगतो, मला तसली नोंद नकोच. ज्या गाडीवरून शेताच्या बांधापर्यंत जायची परवानगी नाही, तिच्याशी माझे काय काम?

हे सारे मावशींना सांगितले. त्यांच्या ओळखीच्या एका मेकॅनिककडून इंजिन सोडवले. टायर, नळ्या आणि केबली मावशींच्या मुलाने घातल्या. तो चाकणला कंपनीत आहे. श्रावणात एका रविवारी गाडी सुरू झाली तेव्हा गोठ्यातल्या दोन गाई दावे तोडायला निघाल्या. मावशी मात्र दारातच उभ्या राहिल्या, पुढे आल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “आवाज तोच आहे.”

त्यानंतर दोन गिऱ्हाइके आली. एकाने बावीस हजार सांगितले, दुसऱ्याने अठ्ठावीस. चार हजारवाला पुन्हा येऊन पंचवीसवर गेला, यावरून काय ते समजा. मी तीस सांगितले आहेत. दंड, कर आणि राहिलेली कामे धरून माझे पन्नास त्यात संपतात. सौ.ला हिशेब दाखवला. तिने सगळी बेरीज तपासली आणि फक्त एवढेच विचारले की मागे बसायला धरायला काही आहे का.

पण अजून गाडी माझी नाही. मुलाने सही दिली आहे. लेक जुन्नरला दिलेली आहे, तिने दिलेली नाही. काही लोकांनी मावशींना सुचवले की मुलीची सही कशाला हवी, मुलाचीच पुरे. मी स्पष्ट सांगितले की चालणार नाही. जमिनीच्या हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या कशा घेतल्या जातात हे तुम्हाला-मला माहीत आहे, तसला कागद मला माझ्या फटफटीच्या पुस्तकात नको. मुलीचे म्हणणे असे, की दोन कॅनच्या मध्ये बसून मी दहावीपर्यंत शाळेला गेले आहे. विकायचे की नाही ते मी गाडी पाहून सांगेन. तिचे म्हणणे रास्त आहे.

ती दिवाळीला येणार आहे. मावशींनी तोवर टाकी आतून साफ करून ठेवायला सांगितले आहे. त्या बाजूला काम निघाले की कार्यालय सुटल्यावर तासभर जातो. दोनदा रॉकेलने धुतली. पहिल्यांदा चहासारखे पाणी निघाले, दुसऱ्यांदा बरेच निवळ. तळाच्या एका कोपऱ्यात अजून गंज धरून बसला आहे, त्यासाठी बारीक खडी आणायला सांगितली आहे.